साहेबांची बोट पुढे

॥ श्री ॥

हॅनोव्हर,
७ एप्रिल २०२५

ती. स्व. काकांस,
मयुरेशचा शि. सा. न. वि. वि.

महत्त्वाचं काही असेल तर पत्रानंच कळवायचं, असं मी निघताना तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहितो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण काकू फोन स्पीकरवर ठेवते आणि ऐकायला आत्याही बसते. आत्यानं ऐकलं की ते संध्याकाळपर्यंत ग्रुपवर येतं. हा मजकूर ग्रुपवर येण्यासारखा नाही.

माझी प्रकृती चांगली आहे. थंडी ओसरली आहे, तरी आतला बनियन अजून काढलेला नाही. काकूला सांगावं.

माझं कारखान्यातलं शिक्षण, म्हणजे इथली आउसबिल्डुंग, उन्हाळ्यात संपतं. त्यानंतर मला कामावर ठेवायचं की नाही, हे आमचे माइस्टर हेर ब्रिंकमान यांच्या शब्दावर आहे. माइस्टर म्हणजे आमच्या मशीन विभागाचे मुख्य, आणि हेर म्हणजे इथलं श्रीयुत. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरीकडे शोधायला थोडी मुदत मिळते. पण माझं अर्धवट डिप्लोमाचं शिक्षण आणि माझी जर्मन पाहता, त्या मुदतीत मला कऱ्हाडच सापडेल असं वाटतं.

तर या हेर ब्रिंकमान यांनी मला रविवारी त्यांच्या मंडळात नेलं. हे मंडळ बोटींच्या शर्यती लावतं. बोटी खेळण्यातल्या असतील असं समजून मी गेलो, ती माझी चूक. गावाबाहेर खडी काढून झालेल्या खाणीत पाणी साठून मोठं तळं झालं आहे. तिथे साठी-सत्तरीची मंडळी थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. प्रत्येकाची बोट मीटरभर लांबीची, तिला माणसाएवढं शीड, इंजिन मुळीच नाही. हातातल्या रेडिओ यंत्राला दोन दांड्या असतात. एकीनं सुकाणू वळतं, दुसरीनं शिडाची दोरी सैल किंवा घट्ट होते. बाकी सगळं वाऱ्यावर. पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयांना वळसे घालत बोटी पळतात आणि मालक काठावरून त्यांच्या बरोबरीनं चालतात, नजर पाण्यावर ठेवून. एकजण तसाच चालत कुणाच्या तरी केकच्या डब्यात गेला. कुणी हसलं नाही.

पंच नसतो. ज्याच्याकडून चूक होईल त्यानं आपली आपण बोट एकदा पूर्ण गोल फिरवायची, हीच शिक्षा. म्हणजे इथे चोर स्वतःच चौकीत जाऊन बसतो. मात्र आपली हक्काची वाट कुणी अडवली, तर त्याला मोठ्यानं ओरडून सांगावं लागतं. ओरडला नाहीत तर हक्क गेला. आणि तळ्यावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पाळण्यातल्या नावानं. हेर ब्रिंकमान म्हणाले की इथे मी डेटलेफ, गाडीत बसलो की पुन्हा हेर ब्रिंकमान. मी त्यांना ‘हेर डेटलेफ’ म्हणालो. तेव्हा मात्र सगळे हसले. सबीनेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तर इतक्या हसल्या की त्यांची बोट लव्हाळ्यात शिरली.

आता अडचण सांगतो. त्यांनी त्यांची जुनी, दुसरी बोट मला चालवायला दिली. ती चांगली पळते. दुसऱ्या फेरीत थोडा वेळ मी त्यांच्या पुढे होतो.

काका, तुम्ही पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं इतक्या साहेबांबरोबर काढलीत. मी पुढे जावं का? लवकर कळवावं. तोवर मी मध्येच कुठेतरी राहतो.

काकूस नमस्कार. तुमचा माझ्यावरचा लोभ, मी काही वावगं करेपर्यंत तरी, असाच राहावा.

आपला आज्ञाधारक,
मयुरेश

॥ श्री ॥

कऱ्हाड,
१९ एप्रिल २०२५

चि. मयुरेश यास,
श्रीधरकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे. विचारलंस हे फार उत्तम केलंस. तुझ्या वयाची मुलं आधी पुढे जातात आणि मग विचारतात.

साहेबांच्या पुढे जायचं नाही. जर्मनी असो की कोयनानगर, साहेब हा साहेबच. तो म्हणतो डेटलेफ म्हण, तर तो त्याचा मोठेपणा. आमचे कार्यकारी अभियंताही म्हणायचे की श्रीधरराव, क्लबात मी साहेब नाही. म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला का? दर शनिवारी आम्ही कॅरम खेळत होतो. ते रिटायर होईपर्यंत मी एकही डाव जिंकलो नाही. ही गोष्ट कऱ्हाडात कुणालाही विचार. माझी बदली एकदाही आडगावी झाली नाही, हेही विचार.

पण हरणं हे काम आहे, तिथे आळस चालत नाही. सुरुवातीलाच हरलास तर साहेबाला वाटतं, याला जमतच नाही. मग त्याला जिंकल्याची मजा काय? शेवटपर्यंत बरोबरीनं राहायचं आणि अगदी शेवटी कच खायची. ती कच खरी वाटली पाहिजे. मी राणी ठेवून भलतीच सोंगटी मारायचो आणि वर कपाळावर हात मारून घ्यायचो. साहेब म्हणायचे, श्रीधरराव, आज थोडक्यात गेलं तुमचं. त्या ‘थोडक्यात’मध्ये माझी सगळी नोकरी झाली.

तेव्हा शेवटच्या वळणापर्यंत ऐटीत जा आणि मग दोरी सैल सोड. कपाळावर हात मारायला विसरू नकोस.

कळावे. तुझ्याबद्दल या घरात माया आहे, ती तू मागे राहिल्यानं कमी होणार नाही.

तुझा,
श्रीधरकाका

ता. क. काकू लिहिते: तळं खोल आहे का? काठाशी उभा राहू नकोस. तुला पोहता येतं हे मला माहीत आहे, तरी. मेतकूट कुणाबरोबर तरी पाठवते.

हॅनोव्हर,
१२ मे २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळाल्यापासून दोन रविवार तुमच्या सांगण्याप्रमाणे वागलो. परिणाम कळवतो, पण तो कोणत्या खान्यात टाकावा हे मला समजलेलं नाही.

पहिल्या रविवारी शेवटच्या बोयापर्यंत मी त्यांच्या पुढे होतो. तिथे दोरी टीचभर सैल सोडली. शीड फडफडलं, बोट मंदावली, हेर ब्रिंकमान पुढे गेले. मी कपाळावर हात मारला. ते खूश होतील असं वाटलं होतं, पण शर्यत संपताच ते जिंकल्याचं विसरून माझ्या बोटीशी गुडघे टेकून बसले. म्हणाले की दोरी ओढणारी मोटर कमकुवत झालेली दिसते. मी अशी सदोष बोट तुझ्या हातात दिली, माफ कर. काका, माइस्टर माझी माफी मागत होते आणि मला कुठे बघावं ते कळेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी बसून नवी मोटर बसवली.

मोटरला आता दोष देता येणार नाही, म्हणून काल मी सुकाणू किंचित उशिरा वळवलं. तेव्हा ते म्हणाले की सुकाणूत ढिलाई आहे. आज सकाळी कारखान्यात येताना ते नवं सुकाणू स्वतः कातून घेऊन आले होते. ते मला दाखवताना त्यांचा चेहरा काय खुलला होता! त्यांनी हिवाळ्यात स्वतःच्या बोटीसाठी नवी शिडं कापली होती, तीही आता माझ्या बोटीवर चढवणार आहेत. म्हणतात, तुझ्याकडे हात आहे, फक्त बोट दगा देते.

म्हणजे मी जितका हरतो तितकी माझी बोट वेगवान होते. आता तिला मागे ठेवणं सोपं राहिलेलं नाही. बाकीचे लोक आठवड्यातून एकदा जिंकण्याचा सराव करतात. मला हरण्याचा सराव करायला बुधवारी संध्याकाळीही तळ्यावर जावं लागेल असं दिसतं.

ओरडण्याचंही जमलेलं नाही. वाट माझी होती तेव्हा मी ‘कृपा करून, हेर ब्रिंकमान, जरा...’ इथपर्यंत आलो, तोवर त्यांची बोट निघून गेली होती. सबीनेबाई म्हणाल्या की तू अर्ज लिहून आण, आम्ही थांबतो.

काकूस सांगावं, तळं खोल आहे, पण मी काठापासून हातभर लांब उभा राहतो. माझ्याविषयीचा जिव्हाळा राखून ठेवावा, लवकरच लागेल असं वाटतं.

आपला,
मयुरेश

॥ श्री ॥

कऱ्हाड,
२३ मे २०२५

चि. मयुरेश यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. अरे, साहेब तुझ्यासाठी सुकाणू कातून आणतो, आपली शिडं तुला देतो, आणि तू विचारतोस हे कोणत्या खान्यात टाकू? आमच्या साहेबांनी इतक्या वर्षांत मला एकदा पावडरीचा डबा दिला, तोही ते रिटायर झाल्यावर. तू पहिल्याच महिन्यात कुठे जाऊन पोचलास!

आता एवढंच कर, की त्यांना बोटीत दोष शोधायचे कष्ट देऊ नकोस. हे लोक यंत्राच्या मागे लागले की सोडत नाहीत. काहीतरी नैसर्गिक कारण सांग, ज्याच्यावर कुणाचा इलाज नाही. ऐन वेळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हण. सूर्याला कोण दुरुस्त करणार?

सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींना सगळी हकीकत सांगितली. माने सर म्हणाले की पोरगा तुमच्या वळणावर गेला. मी त्या दिवशी एक फेरी जास्त मारली.

कळावे. तुझ्यावर लोभ होताच, आता त्यात अभिमानाची भर पडली आहे.

तुझा,
श्रीधरकाका

ता. क. काकू लिहिते: ते बिचारे रात्री जागून तुझी बोट नीट करतात, हे वाचून मला काही बरं वाटलं नाही. मेतकूट पाठवलं आहे.

हॅनोव्हर,
१७ जून २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहीत आहे, चुका झाल्यास क्षमा असावी.

आठ तारखेच्या शर्यतीत मी शेवटच्या बोयापाशी मागे पडलो आणि उन्हाचं सांगितलं. हेर ब्रिंकमान यांनी आकाशाकडे पाहिलं. आकाश उत्तर जर्मनीतलं होतं, ढग तेवढे होते. मंगळवारी माझ्या टेबलावर पुढे लांब झाप असलेली टोपी होती. आणि बुधवारी त्यांनी मला कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवलं, डोळे तपासायला.

काका, इथे डॉक्टरनं डोळ्यांविषयी काही लिहिलं तर माझ्यासारख्याला मशीनवर उभं करत नाहीत. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी भिंतीवरची सगळ्यांत लहान ओळ मी खालच्या छापखान्याच्या नावासकट वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढं पुरे. डोळे उत्तम निघाले आणि तिथेच खरी आपत्ती आली.

बोट चांगली, डोळे चांगले. मग उरलो मीच. शुक्रवारी हेर ब्रिंकमान मला त्यांच्या काचेच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. ते रागावले नव्हते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं की शेवट जवळ आला की तुझ्या हाताला काही होतं का? घाबरतोस का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले की मी दर रविवारी पाहतो आहे. सुरुवात चांगली, मधला भाग चांगला आणि शेवटच्या बोयाला हात सुटतो. मशीनवरही शेवटचा काप महत्त्वाचा असतो. ज्याचा हात तिथे सुटतो, त्याच्यावर एकट्यावर पाळी कशी सोपवायची? मला कामावर ठेवावं असं पत्र त्यांनी एप्रिलमध्येच लिहून ठेवलं होतं म्हणे. ते अजून टपालात टाकलेलं नाही. वीस जुलैच्या मोठ्या शर्यतीनंतर पाहू, म्हणाले.

म्हणजे मी काहीच केलं नसतं तर एप्रिलमध्येच काम झालं असतं. तुम्हाला दोष देत नाही. मीच विचारलं होतं.

आता पुढे काय करू? या वेळी सूर्याएवढं मोठं कारण नको. उत्तराची वाट पाहतो. तुमचं माझ्यावर प्रेम आहे हे मला माहीत आहे, तरी पत्रात तसं लिहावं.

आपला,
मयुरेश

कऱ्हाड,
२७ जून २०२५

चि. मयुरेश,
काकूचे आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिलं आहे आणि ते मीच टाकणार आहे. हे सांगलीला वर्षश्राद्धाला गेले आहेत. तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला बसतात आणि कागद फाडतात. काल रात्री म्हणाले, पोटात कळ येते असं कळवावं का. मी म्हटलं, मग ते पोट कापून बघतील. तेव्हा तोही कागद फाडला.

तुला एक सांगते, ते तुझ्याजवळच राहू दे. तुझ्या काकांना कॅरम येत नव्हता. येतच नव्हता रे. लग्नानंतर आम्ही माझ्या माहेरी गेलो तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं, सातवीतल्या पोरीनं, त्यांना एकही सोंगटी न घेऊ देता कोरा डाव दिला होता. तिथे तर साहेब नव्हते कुणी. साहेबांच्या बाई एकदा हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या की अहो वहिनी, आमचे हे दर शनिवारी ठरवून जातात की आज श्रीधररावांना जिंकू द्यायचं. मुद्दाम स्ट्रायकर खड्ड्यात घालतात, सोंगट्या त्यांच्यासमोर नेऊन ठेवतात. पण तुमच्या ह्यांना काही केल्या जिंकता येत नाही. रिटायर होण्याआधी एकदा तरी जमावं अशी त्यांची फार इच्छा आहे. ती काही पुरी झाली नाही.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. शनिवारी घरी आले की आरशासमोर उभं राहून कपाळावर हात मारून बघायचे, नीट दिसतो का म्हणून. मग जेवायला बसायचे. माणूस इतका समाधानानं जेवत असेल तर आपण कशाला मध्ये बोलायचं?

पण तू त्या समाधानावर नोकरी घालवू नकोस. तो तुमचा माइस्टर बोट उघडून बघतो, सुकाणू बदलतो, डॉक्टरकडे पाठवतो. तुझ्यासाठी इतकं शोधतो आहे, तर काय बिघडलं आहे ते त्याला एकदा सांगून तरी टाक. चिडेल, चिडू दे. आणि बोट पळव. मला त्यातलं काही कळत नाही, पण पळायची वस्तू धरून ठेवायची म्हणजे हात दुखत असतील तुझे.

मेतकूट मिळालं का, ते अजून लिहिलं नाहीस. पत्राचं बोलू नकोस. काळजी करते आहे, पण ती मी एरवीही करतेच.

तुझी,
काकू

हॅनोव्हर,
२२ जुलै २०२५

ती. स्व. काका आणि काकू यांस,
मयुरेशचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट पाहिली. ते येईना, तेव्हा मी माझ्याच मनानं काय करायचं ते ठरवलं. मेतकूट मिळालं आहे, वेळेवर मिळालं.

अकरा तारखेला दुपारच्या सुट्टीत मी हेर ब्रिंकमान यांच्याकडे गेलो. वाक्यं आधी लिहून पाठ केली होती. सांगितलं की बोट चांगली आहे, डोळे चांगले आहेत, हातही सुटत नाही. मी मुद्दाम मागे राहत होतो, कारण आपण माझे वरिष्ठ आहात. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की कोणकोणत्या रविवारी? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की का? होय, म्हणालो, नक्की. ते उठले आणि पाव तसाच टाकून गेले. काका, इथे कुणी पाव टाकत नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाला कळवलं की त्या सगळ्या रविवारचे त्यांचे स्वतःचे निकाल रद्द करावेत, ते खरे नव्हते. वर्षभराच्या क्रमात ते पहिले होते. आता सहावे आहेत. मी साहेबांना पहिलं ठेवायला गेलो आणि त्यांना सहावं करून आलो. मला वाटलं आता मंडळात पाय ठेवायची सोय नाही, पण मोठ्या शर्यतीसाठी माझं नाव आधीच गेलं होतं. नाव गेलं की उतरायचं, असा नियम आहे. रविवारी ते मला गाडीतून तळ्यावर घेऊन गेले. उतरताना विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. मी म्हणालो, काकांनी. ते आपल्या साहेबांशी कॅरममध्ये असंच हरत होते. हेर ब्रिंकमान यांनी गाडीची किल्ली काढली. मग म्हणाले की तुझ्या काकांना विचार, त्यांच्या साहेबांना हे कळलं होतं का? काका, त्यांनी विचारायला सांगितलं म्हणून विचारतो आहे.

वारा चांगला होता. मी हातचं काहीही राखलं नाही. पण दोन महिने हरण्याचा सराव केलेल्या माणसाला एकदम जिंकता येत नाही. शेवटच्या बोयाकडे दोनदा बोटं आपोआप दोरी सोडायला गेली. सबीनेबाई त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटच्या फेरीत मी आणि हेर ब्रिंकमान शेजारी शेजारी बोयाकडे आलो. माझी बोट आतल्या बाजूला होती, म्हणजे वाट माझी, आणि ती मला देणं त्यांचं काम. ते देईनात. त्यांची बोट माझ्यावर येत राहिली. मला आता वाटतं की त्यांनी ते मुद्दाम केलं, पण विचारायची हिंमत नाही. ओरडलो नाही तर गेलो, हे मला दिसत होतं. तोंडात ‘हेर’ आलं, ते गिळलं. ‘डेटलेफ’ काही केल्या येईना. आणि मग मी तळ्याच्या काठावर सगळ्यांसमोर ओरडलो, तेही मराठीत, ‘अहो, सरका की बाजूला!’

काठावरची माणसं चालायची थांबली. दोन्ही बोटी एकमेकींना घासल्या. हेर ब्रिंकमान यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपली बोट बाजूला घेतली आणि शिक्षेचा गोल वळसा पूर्ण घातला. तोवर तीन बोटी त्यांच्या पुढे गेल्या. मी तिसरा आलो, ते सातवे.

नंतर केक खाताना एका गृहस्थांनी शंका काढली की कुणाला न समजणाऱ्या भाषेतलं ओरडणं नियमात बसतं का. त्यावर हेर ब्रिंकमान म्हणाले की मला अर्थ अगदी स्पष्ट कळला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली आहेत, हा स्वर मी ओळखतो.

काल सोमवारी त्यांनी काचेच्या खोलीत बोलावलं. या वेळी मला अहो-जाहो सुरू झालं होतं. म्हणाले की मला काळजी होती ती तुमच्या हाताची. हात ठीक आहे. पण दोन महिने रोज माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही खोटं वागलात आणि मी रात्री बसून चांगली मोटर बदलत होतो, हे मी विसरणार नाही. म्हणून कायमची नाही, एका वर्षाची नेमणूक. वर्षभरानं पाहू. मी आभार मानले. ते म्हणाले, आभार नकोत. पुढच्या हंगामात स्वतःची बोट घेऊन या. ती जुनी बोट त्यांनी आता तळघरात ठेवून दिली आहे. मला तिची आठवण येते.

एक वर्ष म्हणजे एक वर्षच. पण पत्र टपालात पडलं आहे.

तुम्हा दोघांचं प्रेम असावं. मी आता जिथे असेन तिथूनच खरं ते कळवीन.

आपला,
मयुरेश

॥ श्री ॥

कऱ्हाड,
४ ऑगस्ट २०२५

चि. मयुरेश यास,
श्रीधरकाकाचे अनेक आशीर्वाद.

नेमणुकीचं वाचून आनंद झाला. एक वर्ष थोडं नाही, आमच्या वेळी रोजंदारीवर माणसं म्हातारी झाली. तुझा निरोप येताच काकूनं शिरा केला आणि देवापुढे ठेवायच्या आधी स्वतः चाखून बघितला, इतकी ती खूश होती.

सकाळच्या मंडळींना मी खरं तेच सांगितलं, की मुलगा साहेबांवर ओरडला, त्यांच्या पुढे गेला आणि साहेबांनी त्याला नेमणूक दिली. कुणाचाच विश्वास बसला नाही. माने सर म्हणाले, श्रीधरराव, असं कुठे असतं का? दुसऱ्या दिवशी सांगितलं की शेवटी तो हरला, तेव्हा साहेब खूश झाले. मग सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तुझं कौतुक केलं. तू इकडे आलास की तेवढं सांभाळून घे.

पत्राला उशीर झाला, कारण तुझ्या साहेबांनी विचारलेल्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होतो. मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. साहेब समोर बसलेले आठवले. एखादे वेळी ते स्ट्रायकर अशा काही जागी मारायचे की मला तेव्हाही नवल वाटायचं. शेवटी काकूला विचारलं, की तुला काय वाटतं, साहेबांना कळलं असेल का? ती दूध उतू जातं आहे म्हणून उठून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं, मी नंतर पाहिलं. पण तिला त्याची धास्ती पहिल्यापासूनच आहे. परत आली ती दुसऱ्याच विषयावर बोलत आली. म्हणजे तिलाही त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

शनिवारी काकूबरोबर कॅरम मांडला होता. बोर्ड माळ्यावरून काढून पुसला. दोन डाव झाले. दोन्ही तीच जिंकली. ती साहेब नाही, तरी सवय जात नाही.

तर हेर ब्रिंकमान यांना माझा नमस्कार सांग आणि कळव, की आमच्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्या लक्षात आलं, याचं वाईट वाटून घेऊ नका. मुलगा अजून शिकाऊ आहे.

तुझ्यावर लोभ आहे. तिसरा आलास तरी आहे.

तुझा,
श्रीधरकाका